झुडपी जंगल कोणाचे?

गावाबाहेर एक जागा असते. तेथे धान होत नाही. जमीन बरडी, मुरमाड. पळसाची ठेंगणी झाडे, बोरी, चिलाटी, खैर, कोठे मोहाचे एखादे जुने झाड. पावसाळ्यात सगळीकडे तरोटा. सकाळी गावची ढोरे आखरावरून निघतात ती तिकडेच जातात. बाया काड्या आणायला तिकडेच जातात. आपण तिला झुडपी म्हणतो. तलाठ्याच्या दप्तरात तिचे नाव 'झुडपी जंगल' असे लिहिलेले असते.

ही जागा कोणाची? गावात दहा जणांना विचारून पाहा. कोणी म्हणेल सरकारची. कोणी म्हणेल जंगलखात्याची. कोणी ग्रामपंचायतीचे नाव घेईल. आणि एखादा म्हणेल, "कोनाचीच नाही गा, रिकामीच पडली हाय." हे शेवटचे उत्तर सगळ्यांत धोक्याचे. जी जागा कोणाचीच नाही असे गाव म्हणते, ती थोड्याच वर्षांत कोणा एकाची होऊन बसते.

या पाठात आपण झुडपीची हकीकत वाचू. २०२५ साली देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने खास या जागेबद्दल निकाल दिला आहे. तो नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांसाठी आहे. म्हणजे तो आपल्या गावच्या झुडपीबद्दलही आहे. निकाल इंग्रजीत आहे आणि लांबलचक आहे. त्यातले कामाचे तेवढे आम्ही येथे सोपे करून सांगणार आहोत. पण त्याआधी या जागेचा उपयोग काय, ते पाहू. कारण उपयोग कळल्याशिवाय कोणी कशाला जपत नाही.

ढोरांची गोष्ट आधी. आपला मुलूख धानाचा. रोवणी झाली की बांधीत पाणी उभे असते. धुऱ्यावरसुद्धा ढोर सोडता येत नाही. मग धान कापेपर्यंत ढोरांनी जावे कोठे? झुडपीत. ज्याला शेती आहे त्याच्या घरी तणसाचा ढीग तरी असतो. ज्याला शेत नाही, पण दोन शेळ्या आहेत, त्याला झुडपीवाचून दुसरे कुरण नाही. झुडपी गेली की गावात पहिल्यांदा शेळ्या विकल्या जातात, आणि त्या गरिबाच्या घरच्या असतात. धनवानाला पत्ताही लागत नाही.

आता तलावाकडे चला. भंडारा हा तलावांचा जिल्हा म्हणून सगळीकडे ओळखला जातो. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी फार जुन्या काळी येथे तलाव बांधले. त्यांच्याजवळ यंत्र नव्हते, सिमेंट नव्हते. जमिनीचा उतार पाहून त्यांनी पाळ घातली. पाणी सोडायला तुडूम ठेवला. जादा पाणी निघून जायला सलंग ठेवली. ते तलाव आजही धानाला पाणी देतात. पण तलाव म्हणजे केवळ पाळ आणि पाणी नव्हे. ज्या उंचवट्यावरून पावसाचे पाणी वाहत तलावात येते, ती जागाही तलावाचीच समजली पाहिजे. तिला येवा म्हणतात. पुष्कळ गावांत हा येवा म्हणजे झुडपीच आहे.

झुडूप असले की पावसाचा थेंब आधी पानावर पडतो, मग जमिनीवर. मुळ्या माती धरून ठेवतात. पाणी हळूहळू उतरते आणि निवळ येते. तीच जागा उघडी केली, तिचा मुरूम खणून नेला, तर पहिल्याच मोठ्या पावसात माती वाहून तलावात जाते. काही वर्षांत तलाव वरून तेवढाच दिसतो, पण खोली उरत नाही. घागर तेवढीच, पण अर्धी चिखलाने भरलेली. मग दिवाळीच्या सुमारास शेवटचे पाणी हवे असते तेव्हाच तलाव कोरडा पडतो. लोक म्हणतात, पाऊस दगा देतो. पावसाचा दोष थोडा असेल. येव्याचा जास्त असतो.

तलावात ढिवर बांधवांचे पोट आहे. पूर्वी भंडारा जिल्ह्यातच असलेल्या आणि आता गोंदिया जिल्ह्यात गेलेल्या अर्जुनी मोरगाव भागात ढिवर समाजाच्या बायांनी या कामात मोठी हिंमत दाखवली. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ या संस्थेबरोबर त्यांनी तलावात माजलेला बेशरम उपटून काढला आणि माशांना लागणाऱ्या देशी पाणवनस्पती चिखलात उभे राहून लावल्या. मासे परत आले. ज्या बायांना पूर्वी सभेत कोणी विचारत नव्हते, त्या ग्रामसभेत उठून बोलू लागल्या. आम्हाला मासळीइतकेच हेही मोलाचे वाटते.

आता जंगली जनावरांविषयी. येथे वाचक थोडे चिडतील, हे आम्हाला माहीत आहे. झुडपीत ससा असतो, तितर असते, लावे असतात, मुंगूस, घोरपड, कोल्हा असतो. हे कोणाचे काही बिघडवत नाहीत. कोल्हा आणि धामण तर बांधीतले उंदीर खातात. पण रोही आणि रानडुक्कर यांचे काय? एका रात्रीत डुक्कर बांधी लोळवून टाकते. ज्याचे धान गेले त्याला जंगलाचे कौतुक सांगणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे आहे. म्हणून आम्ही असे म्हणत नाही की नुकसान सोसा आणि गप्प राहा. नुकसानीची भरपाई सरकारकडून मिळते, ती मागून घ्यावी. नुकसान दिसले की त्याच दिवशी वनरक्षकाला कळवावे, पंचनामा करून घ्यावा आणि त्याची नक्कल आपल्याजवळ ठेवावी. आता वाचता येते, तेव्हा पंचनाम्यावर सही करण्याआधी त्यात काय लिहिले आहे ते स्वतः वाचावे.

पण एक गोष्ट समजून घ्यावी. झुडपी तोडली म्हणून डुक्कर कमी होत नाही. ते उसात जाऊन बसते. त्याचे लपण बदलते, भूक बदलत नाही. उलट बाहेरचे कंदमूळ संपले म्हणून ते पिकात अधिक शिरते.

आणि कुंपणात वीज सोडणे हा उपाय तर कधीच करू नये. तो गुन्हा आहे. त्या तारेला डुक्कर लागते तसा पहाटे परसाकडे जाणारा माणूसही लागतो. शेजाऱ्याचा बैल लागतो. २०१७ च्या एप्रिल महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीडकडे अशाच तारेला लागून एक तरणा वाघ मेला. त्याचे नाव श्रीनिवास. तो 'जय' या वाघाचा बछडा होता.

जयची गोष्ट आपल्याच मुलखातली आहे, ती थोडी सांगू. जय नागझिऱ्याच्या जंगलात जन्मला. नागझिरा अभयारण्य १९७० साली झाले, तेव्हा ते सगळे भंडारा जिल्ह्यात होते. जय आणि वीरू असे दोन भाऊ. सिनेमातली नावे ठेवली होती. २०१३ साली जय नागझिऱ्यातून निघाला आणि उमरेड-पवनी-करांडला जंगलात येऊन राहिला. नकाशावर बोट ठेवून पाहा. साकोलीच्या वरच्या जंगलातून पवनीच्या जंगलापर्यंत शंभर किलोमीटरच्या वर वाट आहे. मध्ये मोठा रस्ता आहे, गावे आहेत, वैनगंगा आहे. एवढे मोठे जनावर एवढ्या गावांजवळून गेले. अशा जनावराला दिवसा दडायला नाला लागतो, झुडूप लागते. अभयारण्य एकीकडे आणि दुसरे अभयारण्य दुसरीकडे असते, पण त्यांना जोडणारी वाट आपल्या गावांमधून जाते. ती वाट म्हणजे आपले नाले, आपले पडीत आणि आपली झुडपी.

पुढे जय फार मोठा वाघ म्हणून प्रसिद्ध झाला. दुरून लोक त्याला पाहायला येत. त्याच्या गळ्यात ठावठिकाणा सांगणारा पट्टा होता. २०१६ च्या एप्रिलनंतर त्या पट्ट्याची खूण येईनाशी झाली. पुष्कळ शोधले. जय सापडला नाही.

आता सारसाचे. सारस हा उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच. उभा राहिला की माणसाच्या खांद्याला येतो, कधी त्याहून वर. महाराष्ट्रात तो राहिला आहे तो मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात, आणि थोडासा आपल्या भंडाऱ्यात, वैनगंगेच्या बाजूला. तो आपले घरटे धानाच्या बांधीत करतो. दोन अंडी घालतो. ज्या शेतकऱ्याच्या बांधीत घरटे असते त्याचे थोडे धान वाया जाते खरे. तरी गोंदियाकडे कितीतरी शेतकऱ्यांनी घरटी राखली आहेत, कोणी न सांगता. सारस कमी होत चालला अशी बातमी वर्तमानपत्रात आली, तेव्हा २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आपण होऊन त्यावर खटला चालू केला आणि सरकारला जाब विचारला. बातमी लिहिणारा एक माणूस. वाचणारे न्यायाधीश. लिहिण्यावाचण्यात एवढे बळ आहे. म्हातारपणी पाटी हातात घेतली म्हणून लोक हसतात, त्यांना हे सांगावे.

आता जागेचा इतिहास. हा भाग थोडा जड आहे. सावकाश वाचावा, दोन बैठकांत वाचला तरी चालेल.

१९५१ च्या आधी आपल्याकडे मालगुजारी होती. मालगुजार रयतेकडून सारा गोळा करी आणि सरकारात भरी. गावचे तलाव, जंगल, पडीत त्याच्या ताब्यात असे. काही मालगुजार भले होते. काही जुलमी होते, त्यांच्या वेठबेगारीच्या आठवणी म्हातारे लोक सांगत. पण मालगुजार कसाही असो, रयतेला निस्ताराचा हक्क होता. निस्तार म्हणजे घरसंसार आणि शेती चालवायला लागणाऱ्या वस्तू गावच्या जंगलातून घेणे. जळण, नांगराला लाकूड, मांडवाला बल्ल्या, ढोरांना चारा, भिंतीला माती. हे हक्क कागदावर लिहून ठेवलेले असत. कोणती वाट कोठून जाते, ढोरे पाणी कोठे पितात, मुर्दा कोठे जाळतात किंवा पुरतात, हेही लिहिलेले असे. त्या कागदांना निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज अशी नावे आहेत. नावे अवघड आहेत, पण ध्यानात ठेवा. पुढे कामाला येतील.

३१ मार्च १९५१ ला मालगुजारी संपली. जमीन सरकारची झाली. तेव्हा भंडारा मध्य प्रदेशात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला तो मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. म्हणजे दहा वर्षांच्या आत गावची दप्तरे तीन राज्यांच्या हाताखाली गेली. त्यात हे 'झुडपी जंगल' कायम राहिले, पण त्याचा धनी ठरला नाही. महसूलखाते म्हणे, जमीन आमच्या दप्तरात आहे. जंगलखाते म्हणे, नाव जंगल आहे, तेव्हा ते आमचे. दोन घरचा पाहुणा उपाशी, तशी झुडपीची गत झाली. राखणदार कोणीच नाही.

मग गरज पडेल तशी ती वापरली गेली. कोठे शाळा झाली, कोठे स्मशानभूमी, कोठे रस्ता, कोठे सरकारी कचेरी. गावठाण पुरेना म्हणून लोकांनी घरे बांधली. कोणी शेती केली. पुढे मोठ्या गावांजवळ आणि रस्त्यांच्या कडेला जमिनीला भाव आला, तेव्हा पैसेवाल्यांचीही नजर तिकडे गेली.

इकडे देशात कायदे होत होते. २५ ऑक्टोबर १९८० पासून वन संवर्धन कायदा लागू झाला. त्याप्रमाणे जंगलाची जमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर केंद्र सरकारची परवानगी लागते. पण जंगल म्हणजे काय? याचे उत्तर एका केरळच्या माणसामुळे मिळाले. त्यांचे नाव टी. एन. गोदावर्मन तिरुमुलपाड. निलांबूरच्या जुन्या राजघराण्यातले. तामिळनाडूतल्या गुडलूर भागातले जंगल डोळ्यांदेखत तोडले जात आहे हे पाहून त्यांनी १९९५ साली सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. १२ डिसेंबर १९९६ ला न्यायालयाने सांगितले की, जमीन कोणाच्याही मालकीची असो, जी जागा जंगल आहे किंवा सरकारी दप्तरात जंगल म्हणून लिहिली आहे, तिला हा कायदा लागू. गोदावर्मन २०१६ साली वारले. त्यांच्या नावाचा खटला त्यांच्यामागेही चालू राहिला. एका म्हाताऱ्याने गुडलूरसाठी केलेला अर्ज आपल्या भंडाऱ्याच्या झुडपीपर्यंत येऊन पोचला.

कारण झुडपीच्या नोंदीत 'जंगल' हा शब्द होता. मग प्रश्न आला, ही झुडपी जंगल धरायची की नाही? सुमारे ८६ हजार हेक्टर जमिनीचा हा वाद. एक हेक्टर म्हणजे जवळजवळ अडीच एकर. करा हिशेब. दोन लाख एकरांच्या वर जमीन होते. राज्य सरकारचे म्हणणे, ही जमीन नावालाच जंगल आहे, तीवर लोकांची घरे आहेत, ती मोकळी करा. जंगलाची बाजू घेणाऱ्यांचे म्हणणे, एकदा मोकळी केली की गरिबाच्या घराआडून दुसरेच लोक घुसतील.

आमच्या मते दोन्ही म्हणण्यांत खरे होते. ज्याचे वडील-आजे झुडपीवर झोपडी बांधून राहिले त्याला उठवणे हा अन्याय. आणि त्याच्या झोपडीचे नाव पुढे करून मोक्याची जागा लाटणे हाही अन्याय.

२२ मे २०२५ ला निकाल लागला. त्या वेळचे सरन्यायाधीश भूषण गवई, मूळ अमरावतीचे, यांच्या पीठाने तो दिला. झुडपी जंगल हे जंगलच, असे न्यायालय म्हणाले. मात्र १२ डिसेंबर १९९६ च्या आधी सरकारी अधिकाऱ्यांनी रीतसर दिलेली आणि घरे, शाळा, स्मशान, कचेऱ्या यांच्याखाली गेलेली जी झुडपी आहे, तिच्यासाठी राज्याने केंद्राची परवानगी मागून ती नियमित करून घ्यावी. त्या तारखेनंतर जमीन दिली असेल, तर ती का दिली आणि कोणत्या अधिकाऱ्याने दिली, हे राज्याने सांगावे. २५ ऑक्टोबर १९८० नंतर झालेली अतिक्रमणे शोधायला प्रत्येक जिल्ह्यात पथक नेमावे आणि दोन वर्षांत ती दूर करावीत. तीन हेक्टरांहून लहान तुकडे, जे मोठ्या जंगलाला लागून नाहीत, तेही संरक्षित वन म्हणून राखावेत आणि त्यांवर नवे अतिक्रमण होऊ नये याची जबाबदारी उपविभागीय अधिकाऱ्यावर राहील. यापुढे झुडपी खाजगी लोकांना वा संस्थांना देऊ नये.

लहान तुकड्यांचे कलम आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते. तीन हेक्टर म्हणजे साडेसात एकरांना थोडे कमी. आपल्या गावोगावची झुडपी कितीतरी ठिकाणी एवढीच असते. मोठ्या जंगलाला वाघाचे नाव असते, पाहुणे येतात, नाकेदार असतो. या लहान तुकड्याला कोणी विचारत नाही. आता त्याला धनी सांगितला आहे. पण धनी तालुक्याला बसतो. डोळे गावाचेच लागतात.

झुडपी जाते कशी, ते आखरावरच्या या बोलण्यातून दिसेल. एक म्हातारे ढोरकी आहेत आणि त्यांचा शिकलेला पुतण्या.

"काकाजी, ढोरं काहून वळवली? तिकडं तं गवत बक्कळ हाय."

"तिकडं तार घातली बेटा. पयले चार दगड ठेवले. मंग काट्या टाकल्या. मी म्हनलं, काट्याच तं आहेत. मंग एक तास नांगरलं. यंदा तार आली."

"मंग कोनी इचारलं नाही?"

"कोन इचारते? ज्याची ढोरं त्यानं इचारावं. ढोरं तं समद्यांची हायेत."

"कागद कोनाचा हाय त्या जागेचा?"

"कागद मले काय समजते? तुले वाचता येते, तू पाय."

म्हातारबुवांनी खरे सांगितले. दगड, काट्या, तास, तार. चार पावसाळ्यांत जमीन गेली. दगड ठेवला त्या दिवशी बोलणे सोपे होते. तार आली की भांडण होते, आणि घर बांधले की कोर्ट होते.

भांडणाने हे काम होत नाही. रात्री तार तोडली तर उलट आपल्यावरच गुन्हा. काम होते ते कागदाने आणि ग्रामसभेने. पहिला कागद म्हणजे तलाठ्याकडची गावाची नोंदवही. गाव नमुना एक-अ यात जंगलाच्या जमिनी असतात. एक-ब यात सरकारी पडीत जमिनी. एक-ई यात अतिक्रमणे. या तीन वह्या गावातल्या निदान चार जणांनी तरी एकदा वाचाव्यात, त्यात दोन बाया असाव्यात. काड्या आणायला त्या जातात, त्यांना जागेची शीव पुरुषांहून अधिक ठाऊक असते. आपल्या झुडपीचे गट क्रमांक, जुने लोक ज्याला खसरा म्हणतात ते, वहीत उतरून घ्यावेत. पुष्कळदा असे दिसते की, गावाला वाटते ती दहा एकर आहे, आणि कागदावर ती पंधरा एकर निघते. मग ती पाच एकर कोठे गेली, हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

दुसरा कागद निस्तारपत्रक. ते आजही कायद्यात आहे. महाराष्ट्र जमीन महसूल कायदा १९६६ चा आहे. त्याच्या १६१ व्या कलमात निस्तारपत्रक आणि १६५ व्या कलमात वाजिब-उल-अर्ज आहे. तहसील कचेरीत आपल्या गावचे पत्रक मागावे.

तिसरा म्हणजे २००६ चा वनहक्क कायदा. तो केवळ आदिवासींचा आहे असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षे, जंगलाच्या आधाराने राहिलेल्या इतर लोकांनाही तो आहे. त्यात निस्तार हा शब्द स्पष्ट लिहिला आहे. गावाला आपले सामूहिक जंगल राखण्याचा, वाढवण्याचा हक्क त्यात आहे. जंगल, जनावरे आणि पाण्याचा येवा राखण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने २००९ साली हा सामूहिक हक्क मिळवला आणि पुढे आपला बांबू आपण विकला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला २०१२ साली हक्क मिळाला. त्या गावाने तर तेंदूपत्ता तोडणेच बंद केले. पाने तोडताना झाडे छाटली जातात, आगी लावल्या जातात आणि फळे पाखरांना उरत नाहीत, म्हणून. हातचे पैसे सोडणे सोपे नसते. पण कोणी हुकूम केला नव्हता, गावाने बसून ठरवले.

ग्रामसभेत बोलायचे ते नुसते तोंडी बोलू नये. "साहेब, झुडपी वाचवा" असे ओरडून कोणी ऐकत नाही. ठराव लिहून द्यावा. त्यात गट क्रमांक, क्षेत्र, कोणत्या बाजूला किती जागेत तार आली, हे लिहावे. ज्याने तार घातली तो गावचाच असतो, कधी भाऊबंदही असतो. म्हणून ठरावात शिव्या नकोत, नुसती मापे असावीत. ठराव नोंदवहीत उतरला का, ते आपल्या डोळ्यांनी पाहावे. त्याची नक्कल घ्यावी आणि ती तहसीलदार, उपविभागीय अधिकारी आणि वनपरिक्षेत्र अधिकारी या तिघांना देऊन पोच घ्यावी. पोच नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज.

ज्यांची घरे झुडपीवर आहेत त्यांनीही घाबरून दडून बसू नये. घरपट्टीच्या जुन्या पावत्या, वीजबिल, पट्टा मिळाला असेल तर तो, मुलांच्या दाखल्यावरचा पत्ता, जे १९९६ च्या आधीचे असेल ते एका पिशवीत नीट ठेवावे. उंदरांपासून आणि दलालांपासून जपावे. "पाच हजार द्या, जागा नावावर करून देतो" असे म्हणणारा कोणी आला, तर त्याला म्हणावे, आधी पावती लिहा. तो परत येणार नाही.

कागद मागितला आणि दिला नाही तर काय? त्यासाठी २००५ चा माहितीचा अधिकार आहे. अर्ज एका विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत असावा. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावावे. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला दाखला जोडला की फी नाही. खाली नमुना दिला आहे. रिकाम्या जागी आपले नाव-गाव लिहून तो स्वतःच्या हाताने वहीत एकदा उतरून काढावा.

प्रति,
जन माहिती अधिकारी,
तहसील कार्यालय, ..............
जिल्हा भंडारा.

विषय : मौजा .............. येथील झुडपी जंगलाच्या नोंदी मिळणेबाबत.

अर्जदाराचे नाव व पत्ता : ..............

महोदय,
माहितीचा अधिकार अधिनियम २००५ प्रमाणे मला खालील कागदांच्या नकला हव्या आहेत. मौजा .............. येथील झुडपी जंगल अशी नोंद असलेल्या सर्व जमिनींचे गट क्रमांक व क्षेत्र दाखवणारा उतारा. त्या जमिनींवरील अतिक्रमणांची गाव नमुना एक-ई मधील नोंद. गावचे निस्तारपत्रक. नकलांची फी मी भरीन. माहिती हातोहात / टपालाने हवी आहे.

दिनांक ..............
सही ..............

अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्यावी. तेथून तीस दिवस मोजावेत. तीस दिवसांत उत्तर आले नाही, किंवा अर्धवट आले, तर पुढच्या तीस दिवसांत त्याच कचेरीतल्या वरच्या अधिकाऱ्याकडे पहिले अपील करता येते. अपिलाला अर्जाची ती शिक्का मारलेली प्रत जोडावी लागते.